प्लायवूडपलीकडचा ळ

धाकट्याची एका गोष्टीवर ठाम श्रद्धा होती. या जगात जी वस्तू बिघडते ती दुरुस्त होतेच, आणि जी होत नाही तिला आपला हात अजून लागलेला नसतो. बायकोच्या मते ही श्रद्धा तो जन्माला येतानाच घेऊन आला होता, आणि घरातली इस्त्री, मिक्सर आणि न्हाणीघरातला नळ हे तिघे त्या श्रद्धेपायी जिवानिशी गेले होते.

त्यामुळे त्या सकाळी माऊस चालेना तेव्हा तो घाबरलाबिबरला नाही. माऊसच्या पोटाखालचा लाल दिवा लागत होता, म्हणजे जीव होता. लॅपटॉप चालू होता. फक्त पडद्यावरचा बाण काही केल्या जागचा हलत नव्हता.

"काय झालं हो?" बायकोने आतून विचारलं. दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांतच त्यांचं घर होतं, त्यामुळे दुकानातलं काहीही घरापासून लपत नसे.

"काही नाही. दोन मिनिटांचं काम आहे."

बायकोने दोघांसाठी ओतलेल्या चहातला एक कप झाकून ठेवला. नवऱ्याची दोन मिनिटं ती चांगली ओळखून होती.

पण आज खरोखरच वेळ नव्हता. गावात मुलांच्या डॉक्टरीण बाई नवा दवाखाना उघडत होत्या. दारावरची मोठी पाटी, शिवाय आतल्या प्रत्येक खोलीवर एक पाटी, आणि मुलांनी दारातच भोकाड पसरू नये म्हणून सगळीकडे प्राणी. दुकानाच्या वाटण्या झाल्यापासून एवढं मोठं काम धाकट्याच्या दारात आलं नव्हतं. आठ दिवसांपूर्वी पहिला नमुना बघून बाई हत्तीवर खूश झाल्या आणि मग त्यांची नजर खालच्या अक्षरांवर गेली. 'बाळांचा दवाखाना.' बाईंनी चष्मा वर केला, खाली केला.

"हत्ती लाख झालाय," त्या म्हणाल्या, "पण हा ळ बघवत नाही हो. आठ दिवसांनी जेवायच्या सुट्टीत मी परत येते. जमलं तर तुमचं काम, नाही जमलं तर मी सरळ छापील अक्षरवाल्यांना देऊन टाकते."

हे काम गेलं तर शटर खाली ओढायचं आणि कुठल्यातरी छपाईवाल्याकडे नोकरी धरायची, असं धाकट्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. बायकोला त्याने यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. बायकोला ते सगळं माहीत होतं.

आता हा ळ काय प्रकरण होतं ते सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्याच्यावरूनच झालं होतं.

दुकानाचं नाव 'अक्षरचित्र'. वडिलांनी ठेवलेलं, आणि जणू दोन्ही मुलगे बघूनच ठेवलेलं. थोरल्याच्या हातात अक्षर होतं, धाकट्याच्या हातात चित्र. दोघं मिळून उंच परांचीवर चढत, थोरला एका टोकाला, धाकटा दुसऱ्या टोकाला. एकाला पुढे वाकायचं असलं की दुसरा फळी घट्ट धरायचा आणि फळीवर दोनदा टकटक करायचा. त्याचा अर्थ एवढाच, की मी धरलंय, तू जा पुढे. पुढे ब्रश जाऊन लॅपटॉप आले, तरी काम तसंच चाललं होतं. मग एकदा थोरला आजारी असताना धाकट्याने एक अख्खी पाटी एकट्याने केली, अक्षरांसकट. थोरला बरा होऊन आला, पाटी बघितली आणि गिऱ्हाईकासमोर म्हणाला, "हा ळ आहे होय? मला वाटलं कुणाचा चष्मा राहिलाय."

गिऱ्हाईक हसलं. धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने शेजारीच ठेवलेला थोरल्याच्या हातचा एक हत्ती उचलला, तोही त्याच गिऱ्हाईकाला दाखवला आणि म्हणाला, "आणि ही पाय फुटलेली उशी बघा."

झालं. बोलचाल बंद. दुकानाच्या मधोमध एकच मोठी खिडकी होती आणि उजेड तिथेच चांगला यायचा, म्हणून दोघांनाही खिडकी हवी होती. शेवटी प्लायवूडची भिंत बरोबर खिडकीच्या मध्यावर आली. अर्धी याला, अर्धी त्याला. नाव कुणी सोडायला तयार नव्हतं, म्हणून दोन्ही दारांवर एकच नाव राहिलं. दोघांनी आपापली टेबलं प्लायवूडला टेकवली. म्हणजे दिवसभर हे दोघे भाऊ एकमेकांकडे तोंड करून, एकमेकांपासून हातभर अंतरावर बसत, आणि मध्ये प्लायवूड असल्यामुळे आपण वेगळे झालो असं समजत.

त्यांच्या बायकांनी मात्र हा उद्योग मानलाच नव्हता. दोघी जावा मागच्या अंगणातून बिनदिक्कत इकडून तिकडे जात, भाजी निवडत आणि नवऱ्यांना नावं ठेवत.

तर धाकटा माऊसच्या मागे लागला. आधी त्याने माऊस उलटा करून बटण बंद केलं, चालू केलं. बाण ढिम्म. मग माऊसच्या पोटातला सेल काढून हातावर चोळला, परत घातला. ढिम्म. मग भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून माऊसमध्ये घातला. घड्याळ बंद पडलं, माऊस होता तसाच. मग टेबलावर काच आहे म्हणून नसेल चालत, असं म्हणून त्याने खाली कागद घातला, मग वही घातली, मग स्वतःच्या मांडीवर माऊस फिरवून बघितला.

प्रत्येक उपाय झाला की माऊस चालतो का ते बघायला तो एकच गोष्ट करायचा. बटण दाबून धरायचं आणि सोंडेपासून शेपटापर्यंत हात न उचलता एका रेषेत हत्ती काढायचा. लहानपणी नवी पेन्सिल मिळाली तरी तो हेच करायचा. पडद्यावर काहीच उमटत नव्हतं, पण हाताला सवय होती.

"शेपटी नीट बसलीय का बघा," बायको म्हणाली. ती चहाचा दुसरा कप घेऊन बाहेर आली होती.

शेपटी म्हणजे लॅपटॉपच्या कडेला खोचायचा तो नखाएवढा रिसीव्हर. घरात पहिल्यांदा बिनवायरीचा माऊस आला तेव्हा वडिलांनी तो उलटासुलटा करून विचारलं होतं, "याची शेपटी कुठं गेली रे?" मग थोरल्याने तो रिसीव्हर दाखवला, आणि तेव्हापासून या घरात त्याला दुसरं नाव नाही.

धाकट्याने शेपटी काढली, फुंकर मारली, दुसऱ्या भोकात घातली. लॅपटॉपने टुणकन आवाज केला, म्हणजे शेपटी त्याला कळली. बाण मात्र ढिम्मच.

"टचपॅडवर करा ना आजच्या दिवस."

"माझ्या बोटांना ते जुमानत नाही, माहितेय ना तुला." आणि ते खरंच होतं. वर्षानुवर्षं टर्पेंटाइनने बोटं पुसून पुसून त्याच्या बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झाली होती की टचपॅडला कुणी हात लावलाय याचा पत्ताच लागत नसे. फाईल कशीबशी उघडता यायची. अक्षर काढणं लांबच राहिलं.

पलीकडे शटर वर गेल्याचा खडखडाट झाला. थोरला आला. खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग एक खाकरणं. दादा रोज सकाळी बसताना असाच खाकरायचा, आणि रोज सकाळी धाकटा ते ऐकलं नाही असं दाखवायचा. कुणाला दाखवायचा ते विचारू नका.

धाकट्याने लॅपटॉप दोन-तीनदा बंद करून चालू केला आणि दर वेळी माऊसने हत्ती काढून बघितला. मोठ्या मुश्किलीने नमुन्याची फाईल उघडली, ब्रश निवडला, आणि शेवटी लॅपटॉपवाल्याला फोन लावला. कालच संध्याकाळी त्याच्याकडून लॅपटॉप साफ होऊन आला होता.

"माऊस चालत नाहीये," धाकटा म्हणाला. "तुमच्याकडून आल्यावर आज पहिल्यांदाच बसलोय. काय केलंत त्याचं?"

"माऊस माझ्याकडे आलाच नव्हता साहेब, नुसते लॅपटॉप आले होते. दोन्ही एकदम करून दिले. रिसीव्हरसुद्धा काढून बशीत ठेवले होते, हरवू नयेत म्हणून, आणि आठवणीने परत लावले."

"दोन्ही कुठले? माझा एकच आहे."

"अहो, दोन होते की. दोन्हीवर अक्षरचित्रचीच चिठ्ठी. मॅडमच घेऊन गेल्या. दोघी आल्या होत्या."

धाकट्याने फोन ठेवला आणि बायकोकडे बघितलं. बायको अतिशय मन लावून चहा पीत होती.

"वहिनीबरोबर गेली होतीस?"

"रिक्षा एकच केली. त्यात काय बिघडलं?"

तो पुढे काही बोलणार एवढ्यात पडद्यावरचा बाण हलला.

धाकट्याचा हात फोनवर होता. माऊस एका बाजूला आडवा पडला होता, त्याला कुणी शिवलेलंही नव्हतं. तरी बाण सरळ उजवीकडे गेला, मग डावीकडे आला, मग रागाने वरखाली झाला.

"अगं बाई," बायको म्हणाली. "भूत?"

"व्हायरस," धाकटा छातीठोकपणे म्हणाला. "असतात असले. काढतो मी त्याला आत्ता." व्हायरस कसा काढतात याची त्याला सुतराम कल्पना नव्हती, पण त्याचं आजवर कुठे अडलं होतं?

बाण थांबला. पडद्याच्या मोकळ्या जागेत आला. मग कुणीतरी बटण दाबल्यासारखी काळी रेष उमटू लागली. वरून खाली एक छोटा देठ, तिथून डावीकडे एक पोट, लहान आणि घट्ट, वळून पुन्हा मध्यावर. मध्यावर रेष थांबली. क्षणभरच. मग दुसरं पोट सुरू झालं, पहिल्यापेक्षा किंचित मोठं, किंचित खाली ओघळलेलं, आणि शेवटी आत वळून सुटलं.

ळ. पडद्यावर, कुणी न काढलेला, देखणा ळ.

तो ळ धाकट्याने हजार पाट्यांवर बघितला होता. आणि त्याहून जास्त त्याला ते मध्यावरचं थांबणं माहीत होतं. दुसरा कुणी रंगारी तिथे थांबला असता तर रंगाचा थेंब साचला असता. दादा तिथे थांबायचा, श्वास घ्यायचा आणि मगच दुसऱ्या पोटाला हात घालायचा. नवा ब्रश हातात आला की दादा ळ काढून बघायचा. नवं पेन घेताना दुकानदाराच्या कागदावरही ळ. हात चालतो का हे त्याला ळ काढल्याशिवाय कळतच नसे.

"दादा आहे," धाकटा म्हणाला.

बायकोने पडद्याकडे बघितलं, प्लायवूडकडे बघितलं आणि कप खाली ठेवला. "शेपट्या," ती हळूच म्हणाली. "शेपट्या बदलल्यात तुमच्या. बशीतल्या बशीत."

माऊसही दोघांनी एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच जातीचे घेतले होते, भांडणाच्या आधी. म्हणजे सकाळपासून धाकट्याचा माऊस बिचारा इमानेइतबारे चालतच होता. फक्त प्लायवूडच्या पलीकडे.

"आधी हे सेव्ह करा," बायको म्हणाली आणि तिनेच बोट फिरवून तो ळ जपून ठेवला. तिच्या बोटांचं टचपॅड ऐकायचं. मग तिने आणखी दोनदा बोट फिरवलं, धाकट्याचा चष्म्यासारखा ळ पाटीतून काढला आणि त्या जागी हा नवा बसवला. बाळांचा दवाखाना. पाटी एकदम जागी झाली. "बाई ळवरच अडल्या होत्या ना?" ती म्हणाली. "मग? द्या पाठवून. कुणाला कळणार आहे?"

कुणालाच कळणार नव्हतं. दादालाही नाही. त्याला तर आपण काही काढलं हेच माहीत नव्हतं. बाई येतील, मान डोलावतील, काम पक्कं होईल, शटर वर राहील. धाकटा त्या पाटीकडे बघत राहिला. ळ जागच्या जागी छान बसला होता, आणि शेजारची सगळी अक्षरं त्याच्यापुढे पडेल चेहऱ्याने उभी होती. पण तेही चाललं असतं. बाईंना तेवढं दिसलं नसतं. त्याला छळत होतं ते वेगळंच. हा ळ पडद्यावर उमटत असताना, त्या मधल्या थांबण्यापाशी, त्याला इतका आनंद झाला होता की गेलं वर्षभर तेवढा कशानेच झाला नव्हता. दादाची आठवण येते, हे त्याने आजवर स्वतःलाही कबूल केलं नव्हतं. ते आता त्याच्या तोंडून बाहेर पडलं.

"मला करमत नाही गं त्याच्याशिवाय," तो म्हणाला.

"मला काय सांगताय?" बायको म्हणाली. "त्याला सांगा. हातभर तर लांब आहे."

धाकट्याने हात पुढे केला. प्लायवूडवर बोटाने दोनदा टकटक केली.

पलीकडची खुर्ची करकरली आणि थांबली. धाकट्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मूर्खपणा केला, असं त्याला वाटू लागलं, आणि तेवढ्यात पलीकडून आवाज आला. टक, टक.

"दादा," धाकटा म्हणाला, "तुझा माऊस चालतोय?"

"कुठला चालतोय!" पलीकडून थोरला म्हणाला, जणू कालच बोलणं झालं होतं. "कधीचा डोकं फोडतोय. आणि आल्यापासून पडद्यावर हत्ती येतायत."

"किती आले?"

"कळप झालाय. तूच ना रे?"

"मीच. शेपट्या बदलल्यात आपल्या. तुझी माझ्याकडे आहे." धाकट्याने खुर्ची पुढे ओढली. "दादा, तुझा एक ळ आलाय माझ्याकडे. मी ठेवून घेतला. पाटीत लावूनसुद्धा बघितला. तुला न विचारता."

पलीकडून वहिनी काहीतरी कुजबुजल्याचं ऐकू आलं, मग थोरल्याचं 'थांब गं.'

"त्या कळपातला एक मी पण ठेवलाय," थोरला म्हणाला. त्याचा आवाज जरा खाली आला होता. "सोंड वर केलेला. बसवलासुद्धा पाटीत."

"कुठल्या पाटीत?"

"आहे एक. मुलांचा दवाखाना आहे. बाई आल्या होत्या, दुपारी परत येणारेत. म्हणाल्या, अक्षर लाख झालंय, पण ही उशी कसली काढलीय?"

धाकट्याने बायकोकडे बघितलं. बायकोने पदर तोंडाला लावला, पण हसू काही तिला आवरेना. दोन्ही दारांवर एकच नाव. त्या बाईंनी शहाण्यासारखं दोन्ही दारांत एकच काम टाकून ठेवलं होतं, आणि एका दाराला चित्र येत नाही, दुसऱ्याला अक्षर येत नाही, हे बघून त्या कपाळाला हात लावून बसल्या असतील. मग पलीकडे थोरला हसायला लागला. तो पोटातून हसायचा, खुर्चीसकट. ते ऐकून धाकटाही हसला आणि हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले.

"अहो, मग त्या शेपट्या बदला की," बायको म्हणाली. "एवढंसं तर काम आहे."

"मी पण तेच म्हणते," पलीकडून वहिनी म्हणाल्या.

"तुम्ही दोघी गप्प बसा," दोघे भाऊ एकदमच म्हणाले.

"शेपट्या राहू देत आहेत तशा," थोरला म्हणाला. "तुझ्या माऊसने तू माझ्या पडद्यावर हत्ती काढ. मी तुझ्या पडद्यावर अक्षरं काढतो. बाई यायच्या आत होऊन जाईल."

"होईल की," धाकटा म्हणाला. "पण तुझा पडदा मला दिसणार कसा?"

यावर थोरल्याला विचार करावा लागला. निदान त्याने विचार केल्यासारखं केलं.

"पेचकस तुझ्याकडे आहे ना? वाटणीत तूच उचलला होतास."

"आहे."

"मग बघत काय बसलायस? वरच्या स्क्रूपासून सुरुवात कर."

धाकटा पेचकस घेऊन टेबलावर चढला. टेबल जुनं होतं, डगमगत होतं, आणि प्लायवूडची अख्खी फळी त्याच्या अंगावर येईल अशी होती. पहिला स्क्रू गंजला होता. त्याने जोर लावला, पण पुढे वाकायला तो कचरला.

पलीकडून प्लायवूडवर दोनदा टकटक झाली.